कोठार कोणाचें?

बीडहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें मांजरसुंब्याचा घाट चढून दक्षिणेस गेलें म्हणजे कांहीं वेळानें चौसाळा हें गांव लागतें. बालाघाटच्या माथ्यावरची ही जमीन. पावसानें कृपा केली तर ज्वारी, बाजरी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. त्यानें पाठ फिरविली तर घरांतील धडधाकट माणसांनीं गांव सोडावें, असा येथील क्रम आहे. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास एका स्नेह्याच्या घरच्या कार्यासाठीं आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. सकाळची वेळ होती. रस्त्याच्या कडेस चहाच्या एका टपरीसमोर ऊंसतोडीस निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर थांबला होता. मागील दोन ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, कळशा, सरपण, कोपी उभारण्याचे बांबू, ताडपत्र्या, दोनचार कोंबड्या असे सगळे संसार रचलेले होते, आणि त्या सामानाच्या बेचक्यांत मुलें बसलीं होतीं.

त्यांतील एका स्त्रीच्या कडेवर दीडदोन वर्षांचें मूल होतें. त्याचे केस तांबूस आणि विरळ झाले होते, दंड काडीसारखे होते, आणि भोंवतालीं इतकी माणसें असतांहि त्याच्या डोळ्यांत कुतूहल म्हणून दिसत नव्हतें. आम्हीं टपरीवरून चार केळीं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्या हातीं दिला. तिनें तो निमूटपणें घेतला. कांहीं तरी बोलावयाचें म्हणून आम्हीं विचारलें, "बाई, बाळाचं नाव अंगणवाडीत आहे ना?" ती म्हणाली, "हाय की. गावातल्या वहीत हाय. पर अंगणवाडी काय आमच्यासंगं ट्रालीत बसून येती व्हय?" टोळींतील दोघेचौघे हंसले, तीहि हंसली. थोड्या वेळानें ट्रॅक्टर निघून गेला.

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. आम्हांस मात्र आपण कांहीं सत्कृत्य केलें अशी जी किंचित् ऊब वाटूं लागली होती, ती त्या एका वाक्यानें गेली. चार केळ्यांनीं एक प्रहर निभावेल. त्यानंतर सहा महिने त्या मुलानें काय खावें, याचें उत्तर आमच्या दयेपाशीं नव्हतें, आणि ज्या वहींत तें उत्तर लिहिलेलें होतें ती वही गांवांतच राहिली होती. भुकेल्यास अन्न देणें हें कर्तव्य आहे, असें सर्वच म्हणतात. परंतु तें कर्तव्य कोणत्या प्रकारचें? तें दान आहे, राजधर्म आहे, कीं ज्याचें जें आहे तें त्यास पोंचतें करणें आहे? हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. मनुष्य ज्या नांवानें देतो त्या नांवास शोभेल इतकेंच देतो. म्हणून या प्रश्नाचा येथें थोडा विस्तारानें विचार करावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम दानाचा पक्ष घेऊं. आपल्या परंपरेंत अन्नदानाचा महिमा थोर आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नाची निंदा करूं नये, अन्न वाढवावें, वसतीस आलेल्या कोणासहि विन्मुख पाठवूं नये, अशीं व्रतें सांगितलीं आहेत. भगवद्गीतेनें केवळ स्वतःपुरतें शिजविणाऱ्यास पापाचा धनी ठरविलें आहे. चौसाळ्याहून जवळच कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे. तेथील कार्तिकी यात्रेंत, तसेंच पंढरीच्या वाटेवर गांवोगांवीं, आजहि पंक्ति उठतात. ही परंपरा आम्हांस पूज्य वाटते, आणि जो स्वतः एक घांसहि देत नाहीं त्यानें तिच्यावर टीका करूं नये, असें आमचें मत आहे. परंतु दानाचा स्वभावच असा कीं, त्याचा दिवस, स्थळ आणि पात्र हीं दाता ठरवितो. पौर्णिमेस पंक्ति उठते. प्रतिपदेस भूक पुन्हां तशीच असते. शिवाय, पंक्ति म्हटली कीं पंक्तिभेद आला. ज्यांच्या घरीं अन्न सर्वांत कमी, तेच शतकानुशतकें पंक्तीबाहेर उभे होते, आणि पत्रावळीवर उरलेलें तेवढें त्यांच्या वांट्यास येत होतें. १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. त्या समाजाचें तत्त्वच मुळीं अशा भेदाविरुद्ध होतें. पण असे प्रसंग थोडे. दान मोठें असूं शकतें, परंतु तें पुरें पडेल आणि वेळेवर पडेल याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं.

या संबंधांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका विचार करण्यासारखी आहे. दामाजीपंत हे बिदरच्या सुलतानाचे अंमलदार. दुष्काळ पडला, लोक अन्नान्न करूं लागले, तेव्हां त्यांनीं सरकारी कोठारें खुलीं केलीं. सुलतानाचा कोप झाला. त्यांस पकडून नेण्यांत आलें. आणि तेवढ्यांत विठ्ठलानें विठू महाराचें रूप घेऊन बिदरास जाऊन धान्याची पै न् पै भरली, असें कथा सांगते. लहानपणीं ही कथा ऐकतांना भक्ताच्या संकटीं देव धांवला एवढेंच आमच्या मनावर ठसलें होतें. आज तींतील दुसरी गोष्ट आमच्या ध्यानांत येते. देवानें दामाजीस सोडविलें तें किंमत भरून! लोकांच्या अंतःकरणास दामाजीचें कृत्य पुण्य वाटलें. परंतु उपाशी माणसांच्या दारांतील कोठारावर सुलतानाचा हक्क अबाधित राहूं शकत नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. पुण्य आणि मालकी यांचा तंटा उभा राहिला, आणि तो मिटविण्यास देवावांचून दुसरा कोणी सांपडला नाहीं. ज्या समाजास कोठार उघडण्यासाठीं चमत्काराची वाट पाहावी लागते, त्याची दया कितीहि खरी असली तरी त्याचा न्याय अपुरा आहे, असें म्हणणें भाग आहे.

दान अपुरें म्हणून राजधर्माकडे पाहावें, तर तेथेंहि समाधान नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें लोक अन्नावांचून मरत असतां देशांतून धान्य बाहेर जात होतें, आणि सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी इतकी खालीं आणली कीं, तींत दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ दाम एवढेंच बसावें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर दुष्काळासंबंधीं नियम तयार झाले, हें खरें. परंतु मनुष्य मरूं नये, आणि तेंहि शक्य तितक्या थोड्या खर्चांत साधावें, यापलीकडे त्यांची दृष्टि गेली नाहीं. चौसाळ्याचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १८९९-१९०० च्या दुष्काळानें या भागाची काय दशा केली, तें शिरगणतीच्या आंकड्यांतच दिसतें. १८९१ मध्यें सहा लक्षांच्या वर असलेली बीड जिल्ह्याची वस्ती १९०१ मध्यें पांच लक्षांच्याहि आंत आली. कांहीं मेले, कांहीं परागंदा झाले. राजाचें कर्तव्य राजाच्या मनावर आणि तिजोरीवर अवलंबून असतें. प्रजेच्या हातीं अर्ज करण्यापलीकडे कांहीं नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं, पाऊसच नाहीं, पीकच नाहीं, तेथें दान काय आणि राजधर्म काय करणार? हा आक्षेप सयुक्तिक दिसतो. परंतु दोन दुष्काळ शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे त्यांतील फोलपणा कळतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत सुमारें तीस लक्ष माणसें मेलीं. त्या वर्षीं बंगालमध्यें धान्याचा पुरवठा १९४१ च्यापेक्षां कमी नव्हता, असें अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे. युद्धामुळें भाव चढले, भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर यांची मिळकत चढली नाहीं, आणि बाजारांत तांदूळ असतांहि तो त्यांचा होऊं शकला नाहीं. याउलट १९७२ चा महाराष्ट्रांतील दुष्काळ. लागोपाठ दोनतीन वर्षें पावसानें दगा दिलेला. धान्याचें उत्पन्न नेहमीच्या निम्म्याच्या आसपास घसरलेलें. मराठवाड्यांतील विहिरी तळाला गेलेल्या. हाल अपरंपार झाले, गुरें मेलीं, संसार मोडले. परंतु बंगालप्रमाणें माणसांचे बळी पडले नाहींत. कारण सरकारनें जागोजाग खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं, पाझर तलावांचीं आणि नालाबांधाचीं कामें काढलीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत त्या कामांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. परदेशाहून आलेला लाल मिलो आणि कामावर वांटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी बीडकडील वृद्ध मंडळी आजहि काढतात. मिलो कोणास आवडला असें आम्हीं ऐकलेलें नाहीं. परंतु तो हक्काच्या मजुरीनें विकत घेतां येत होता. एका ठिकाणीं धान्य असून माणसें मेलीं, दुसऱ्या ठिकाणीं धान्य नसून तीं वांचलीं. यावरून सिद्ध होतें तें हें कीं, भुकेचा प्रश्न मुख्यतः शेताचा नाहीं. शेतापासून मुखापर्यंतच्या वाटेवर कोणाचा किती अधिकार आहे, याचा तो आहे.

हा अधिकार कायद्यानें मान्य करण्याचा मानहि पुष्कळ अंशीं महाराष्ट्राकडेच जातो. वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्यें कायद्याचें रूप मिळालें, आणि जो काम मागेल त्यास काम देणें हें सरकारवर बंधनकारक झालें. २००५ मध्यें त्याच धर्तीवर सर्व देशासाठीं कायदा झाला. २००१ मध्यें सरकारी कोठारांत पांच कोटि टनांहून अधिक धान्य पडून असतां अनेक प्रांतांत लोक उपाशी होते. तेव्हां हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेण्यांत आला, आणि त्याच वर्षीं शाळांतील मुलांस शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ग्रामीण भागांतील शेंकडा ७५ पर्यंत आणि शहरांतील शेंकडा ५० पर्यंत लोकांस दरमहा माणशीं पांच किलो धान्याचा हक्क दिला. दामाजीपंतांच्या काळीं जो तंटा देवानें पैसे भरून मिटविला, तो निदान कागदावर तरी माणसांनीं मिटविला आहे. कोठाराची किल्ली भुकेल्याच्या हातीं असावी हें तत्त्व आतां मान्य झालें आहे.

असें असतां तें मूल तसें कां होतें? हा आमच्या मतें या विषयांतील सर्वांत अवघड प्रश्न आहे. कारण येथें दुष्काळ नव्हता आणि कायद्याचा अभावहि नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आणि शेंकडा २५ हून अधिक उंचीच्या मानानें कृश आहेत; निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानें पीडित आहेत. मुलांचे हे आंकडे त्यापूर्वींच्या पाहणीपासून जवळजवळ हललेलेच नाहींत. ही भूक दुष्काळाप्रमाणें डोळ्यांत भरत नाहीं. ती मारते थोड्यांना, आणि खुरटविते पुष्कळांना.

अशा भुकेचें मोजमाप कसें करावें यावर आपल्याच लोकांत एक मोठा वाद झाला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगांतील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, हें त्या काळीं सर्वतोमुखीं झालेलें विधान त्यांनीं १९६१ मध्यें आंकड्यांनीं खोडून काढलें. पोटभर न मिळणारे शेंकडा दहा ते पंधरा, आणि निकृष्ट आहारावर जगणारे धरून फार तर निम्मे, असा त्यांचा हिशेब होता. पुढें पुण्यास परतल्यावर त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, एकाच माणसाची गरजहि नेहमीं सारखी नसते. शरीर एका मर्यादेपर्यंत कमी अन्नाशीं जुळवून घेतें. म्हणून सरासरी गरजेखालीं असणाऱ्या प्रत्येकास उपाशी मोजूं नये. वि. म. दांडेकर यांनीं या मताचा कसून प्रतिवाद केला. त्यांनीं आणि नीलकंठ रथ यांनीं १९७१ मध्यें दररोज २२५० उष्मांकांच्या आहारावर दारिद्र्याची रेषा आंखली होती.

या वादांत सुखात्म्यांची बाजू निर्दय होती असें मानणें अन्यायाचें होईल. आंकडा फुगवून दया जागविणें हें शास्त्रज्ञाचें काम नव्हे. आणि पिण्याचें पाणी स्वच्छ नसेल, मलमूत्राची व्यवस्था नसेल, तर खाल्लेलें अन्न मुलाच्या अंगीं लागत नाहीं, हा त्यांचा आग्रह अनुभवानें खरा ठरला आहे. परंतु "शरीर जुळवून घेतें" या वाक्यापाशीं नीतीच्या दृष्टीनें थांबावें लागतें. तें कशाच्या बदल्यांत जुळवून घेतें? दोन वर्षांच्या मुलास अन्न कमी पडलें म्हणजे तें प्रथम खेळणें कमी करतें. मग त्याचें वाढणें मंदावतें. चौसाळ्यास पाहिलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांत जी उदासीनता होती ती स्वभावाची नव्हती. ती एक काटकसर होती. मोठ्या माणसानें समजून उमजून केलेली काटकसर आणि मुलाच्या शरीरानें न विचारतां केलेली काटकसर, या दोहोंस एकच नांव देणें योग्य नव्हे.

आतां त्या मुलाच्या घरचा हिशेब पाहूं. ऊंसतोडींत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वीं मुकादम उचल देतो, आणि ती उचल टनामागें मिळणाऱ्या मजुरींतून फेडावयाची असते. एक दिवस काम बुडालें कीं खाडा पडतो. स्त्री पहांटेच्या काळोखांत फडांत जाते. मोळ्या बांधणें, वाहणें, गाडी भरणें हें सर्व आटोपून कोपीवर परत येते तेव्हां अंधार पडलेला असतो, आणि त्यानंतर चूल पेटते. दीडदोन वर्षांच्या मुलास दिवसांतून चारपांच वेळां थोडें थोडें, मऊ आणि ताजें भरवावें लागतें. त्याच्या घरीं धान्य नसतें असें नाहीं. भरविणारे हात रिकामे नसतात. सकाळची भाकरी सातआठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन करून आई फडांत जाते. म्हणजे या भुकेंत अन्नाइतकाच वेळाचा तुटवडा आहे, आणि तो वेळ आपण उचलींत विकत घेतलेला आहे. पांच किलो धान्याचा हक्क देणाऱ्या कायद्यानें आईस एक तासाचाहि हक्क दिलेला नाहीं.

येथें नेहमींच्या दोन आक्षेपांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला असा कीं, फुकट अन्नानें मनुष्य आळशी होतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं ऊंसाच्या फडांत एक दिवस उभें राहून पाहावें; तेथें भुकेलीं माणसें बरींच दिसतील, आळशी दिसणें कठीण. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. १९७४ मध्यें गॅरेट हार्डिन या अमेरिकन विद्वानानें श्रीमंत देशांस भर समुद्रांतील होडीची उपमा दिली. होडींत जागा थोडी आणि पाण्यांत बुडणारे अनेक. सर्वांस वर घेतल्यास होडीच बुडेल. भुकेल्यांस वांचविलें तर ते वाढतील आणि उद्यां अधिक भुकेले होतील, असा त्याचा आशय. उपमा प्रभावी आहे, पण इतिहासानें ती खरी ठरविली नाहीं. १९५०-५१ मध्यें भारतांत सुमारें ३६ कोटि लोक आणि पांच कोटि टन धान्य होतें. २०२३-२४ मध्यें धान्य ३३ कोटि टनांच्या घरांत गेलें. माणसें चौपट झालीं, धान्य सहापटीहून अधिक झालें. शिवाय, मुलें जगूं लागलीं म्हणजे आईबाप मुलें कमी होऊं देतात; महाराष्ट्रांत आज दर स्त्रीमागें सरासरी दोनहि मुलें होत नाहींत. होडींत जागा आहे. वल्हीं कोणाच्या हातीं आणि बसण्याच्या फळ्या कोणाच्या, हा वाद आहे.

१९७२ सालींच, म्हणजे मराठवाड्यांतील माणसें खडी फोडीत होतीं त्याच वर्षीं, पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पूर्व बंगालमधील निर्वासितांची भूक हा त्याचा विषय. उथळ तळ्यांत बुडणारें मूल दिसलें तर आपले कपडे भिजतील म्हणून आपण थांबणार नाहीं. मग दूर देशीं मरणाऱ्या मुलासाठीं थोडा पैसा सोडण्यास कां थांबतों? अंतरानें कर्तव्य कमी होत नाहीं, असें त्यानें म्हटलें. हा युक्तिवाद आम्हांस निरुत्तर करणारा वाटतो. तरीहि चौसाळ्याच्या रस्त्यावर तो आम्हांस पुरेसा वाटला नाहीं. सिंगरच्या दृष्टांतांत वाटसरू हा त्रयस्थ आहे. तळें आपलें आपण तेथें आहे. आम्ही तसे त्रयस्थ होतों काय? ज्या टपरीवर उभे राहून आम्हीं तें मूल पाहिलें, तेथें आमच्या हातीं चहाचा पेला होता, आणि त्या चहांत साखर होती. ती साखर कोणा तरी कोयत्याच्या घामांतून आलेली होती. प्रवरानगरास १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हांपासून ऊंसाच्या पट्ट्यांत जी समृद्धि आली तिचें आम्हांस कौतुकच आहे. पण त्या समृद्धीस लागणारे हात बालाघाटच्या कोरड्या माथ्यावरून येतात, आणि ते जितके गरजू तितके स्वस्त पडतात, हें विसरून चालणार नाहीं. मजुरींतून आईचा वेळ, मुलाचा पाळणा, पिण्याचें पाणी यांचे दाम वगळले म्हणून साखर या भावांत मिळते. तेव्हां आम्हीं दिलेलीं चार केळीं हें दान नव्हतें. आमच्याकडे राहिलेल्या मोठ्या बाकीपैकीं अत्यंत अल्प असा तो हप्ता होता, आणि तोहि आम्हीं उपकार म्हणून दिला.

यावर कोणी म्हणेल, मग साखर सोडा! तसें केल्यानें आमचें मन हलकें होईल, टोळीचें काम जाईल, आणि मूल आहे तेथेंच राहील. ऋण एकट्यानें केलेलें नसतें तेव्हां एकट्याच्या उपवासानें तें फिटत नाहीं. तें जेथें झालें तेथेंच, म्हणजे मजुरीच्या दरांत, कारखान्याच्या खर्चांत आणि सरकारच्या वहींत फेडावें लागतें. हक्क माणसाच्या नांवावर असावा, गांवाच्या नांवावर नसावा. शिधा कोठेंहि उचलतां यावा, अशी व्यवस्था अलीकडे झाली आहे. परंतु गर्भिणीचा आहार, मुलाचें वजन, लस, पाळणाघर यांनींहि टोळीबरोबर प्रवास केला पाहिजे, आणि जेथें कोपी उभी राहते तेथें अंगणवाडीनें वाट पाहत असलें पाहिजे. हें अशक्य आहे असें म्हणूं नये. जी व्यवस्था माणसाला उचल देऊन सहा महिने अगोदर बांधून ठेवूं शकते, आणि कोणता कोयता कोणत्या फडांत आहे हें रोजच्या रोज जाणते, तिला त्या कोयत्याबरोबर किती मुलें आहेत हें जाणणें अवघड नाहीं. शिवाय, २००५ मध्यें मराठवाड्यांतच, औरंगाबाद येथें, राजमाता जिजाऊ मिशनाची स्थापना होऊन गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर लक्ष केंद्रित करण्यांत आलें. आणि राज्यांतील दोन वर्षांखालील खुज्या मुलांचें प्रमाण २००५-०६ मध्यें शेंकडा ३९ होतें, तें २०१२ च्या पाहणींत २३ वर आलें. मनावर घेतलें तर होतें, याचा हा घरचा पुरावा आहे. मनावरून उतरलें कीं थांबतें, हें पुढच्या पाहण्यांनीं दाखविलें.

जगाची कथा हीच आहे. १९७४ मध्यें रोमच्या अन्नपरिषदेंत दहा वर्षांत एकहि मूल उपाशी झोंपणार नाहीं असें ध्येय मोठ्या गंभीरपणें मांडण्यांत आलें. त्यास पन्नासाहून अधिक वर्षें झालीं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणें २०२४ मध्यें सुमारें ६७ कोटि माणसें भुकेलीं होतीं, आणि २६० कोटि माणसांस आरोग्यास पुरेसा आहार परवडत नव्हता. २०३० पर्यंत भूक नाहींशी करण्याचा संकल्प सर्व राष्ट्रांनीं केलेला आहे. पृथ्वीवर पिकणारें अन्न सर्वांस पुरून उरेल इतकें आहे. तेव्हां या संकल्पाच्या आड निसर्ग येत नाहीं. येथेंहि तें औदार्य म्हणून मांडलें जातें, आणि औदार्यास मुदत बांधतां येत नाहीं. देणेदारास मात्र मुदत असते. जोंवर राष्ट्रें स्वतःस दाते समजतात तोंवर दर दहा वर्षांनीं नवा संकल्प होत राहील, अशी आमची भीति आहे.

मग दान करूं नये काय? असा अर्थ कोणी काढूं नये. समोर मूल भुकेलें असतां तत्त्वचर्चा करीत बसणारा मनुष्य दामाजीपंतांचा नव्हे, सुलतानाचा वारस म्हणावा लागेल. केळें द्यावेंच. मात्र तें देतांना आपण ऋणकोच्या भूमिकेंत आहों एवढें ध्यानीं ठेवावें. म्हणजे घेणाऱ्यानें आभार मानले नाहींत तर राग येणार नाहीं, आणि देऊन झाल्यावर हिशेब संपला असेंहि वाटणार नाहीं. त्या बाईनें आमचे आभार मानले नव्हते. त्या वेळीं तें आम्हांस थोडें खटकलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आतां मृगाचा पाऊस झाला म्हणजे त्या टोळ्या माथ्यावरच्या आपल्या तुकड्यांत पेरणी करतील, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हां चौसाळ्यावरून खालीं उतरतील. तें मूल जगलें असेल तर आतां तीन वर्षांचें होईल. त्याचें नांव गांवच्या वहींत असेलच. तें गांव सोडील त्या दिवशीं वहीहि गांव सोडील काय, हा त्याच्या आईनें हंसत हंसत विचारलेला प्रश्न आम्हांस अजून सुटलेला नाहीं. वाचकांनीं तो आपलाहि समजावा, एवढीच विनंति आहे.